वनस्पतींवरील परजीवी सूक्ष्मजीव : रोगकारक ओळखल्याशिवाय उपाय कसा ठरवणार?

रानवाट (धागाकर्ता)

पानावर डाग दिसला की त्यावर काय फवारावे, हा प्रश्न लगेच विचारला जातो. तो डाग कोणी पाडला, हा प्रश्न मात्र फार कमी वेळा विचारला जातो आणि माझ्या मते वनस्पतिरोगांवर वाया जाणाऱ्या बहुतेक श्रमांचे मूळ यातच आहे. बुरशी, बुरशीसारखे दिसणारे पण बुरशी नसलेले ऊमायसीट, जिवाणू, फायटोप्लाझ्मा (पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जिवाणू), विषाणू आणि व्हायरॉइड (आवरण नसलेला आरएनएचा वेढा) या सर्वांना आपण सरसकट ‘रोग’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्यांची शरीररचना, वनस्पतीत शिरण्याची वाट, अन्न मिळवण्याची पद्धत आणि पसरण्याचे साधन यांत इतका फरक आहे, की एकावर चालणारा उपाय दुसऱ्यावर पूर्ण निरुपयोगी ठरतो. या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद अन्न मिळवण्याच्या पद्धतीचा आहे. तांबेरा आणि भुरी या रोगांच्या बुरशी केवळ जिवंत पेशींवर जगतात. भुरीच्या बुरशीचे पांढरे जाळे पानाच्या पृष्ठभागावर पसरलेले दिसते, परंतु तिचे शोषकांग बाह्यत्वचेच्या पेशीत शिरलेले असते. ते पेशीचे पटल न फोडता त्याला आत ढकलून त्याच्याआडून साखर आणि इतर पोषके ओढून घेते. पेशी मेली तर बुरशीचे अन्नच संपते, म्हणून अशी बुरशी यजमानाला शक्य तितका काळ जिवंत ठेवते. राखाडी बुरशी म्हणून ओळखली जाणारी बोट्रायटिस याच्या अगदी उलट वागते. ती विषारी द्रव्ये आणि पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे सोडून आधी ऊती मारते आणि मग त्या मेलेल्या ऊतींवर वाढते. भातावरील करपा रोगाची बुरशी या दोन्हींच्या मधली आहे. सुरुवातीला ती जिवंत पेशींतून गुपचूप पुढे सरकते आणि नंतर त्याच पेशींचा नाश करते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. जिवंत पेशींवर जगणाऱ्या परजीवीची चाहूल लागताच अनेक वनस्पती त्या जागेच्या आपल्याच काही पेशी मारून टाकतात आणि शत्रूची उपासमार करतात. हाच बचाव बोट्रायटिसपुढे अंगाशी येतो, कारण तिला मेलेल्या पेशीच हव्या असतात. वनस्पतीची ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ असा सरसकट सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. ती कोणाविरुद्ध वाढवायची, हे आधी ठरले पाहिजे.

कोंभ

उत्तम धागा. माझी एक मूलभूत शंका आहे. सुदृढ झाडाला रोग होत नाही, झाड आधी अशक्त होते आणि मग बुरशी त्यावर येते, असे मी अनेक जाणत्या माणसांकडून ऐकले आहे. तसे असेल तर बुरशी हे रोगाचे कारण न राहता केवळ त्याचे लक्षण ठरेल. शिवाय निरोगी पानावर मेणाचा थर आणि त्याखाली मजबूत त्वचा असते. इतका नाजूक तंतू ती भेदून आत जातो तरी कसा?

रानवाट

कोंभ, आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर विज्ञानात सुमारे शतकभर वाद झाला. फ्रान्समध्ये मॅथ्यू तिये यांनी १७५५ साली दाखवले, की काणीने काळवंडलेल्या गव्हाच्या दाण्यांतील भुकटी निरोगी बियाण्याला लावली की पुढच्या पिकात काणी वाढते. ही भुकटी सजीव असावी, असे मात्र त्यांना वाटले नाही. तिच्यात काही विष असावे, असा त्यांचा समज होता. १८०७ मध्ये बेनेडिक्ट प्रेव्हो यांनी त्या भुकटीतील बीजाणू पाण्यात रुजताना पाहिले आणि तांब्याच्या अत्यल्प अंशानेही ते रुजणे थांबते, हेही नोंदवले. तरीही पुढे कित्येक वर्षे विद्वानांनी त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही. रोगट ऊतींतून बुरशी आपोआप निर्माण होते, हीच समजूत कायम राहिली.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करपून सडले आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या वेळीही ओलसर हवेमुळे बटाटा आधी सडतो आणि मग त्यावर बुरशी येते, असे म्हणणारे अभ्यासक पुष्कळ होते. अंतोन दे बारी यांनी १८६०च्या दशकाच्या आरंभी निरोगी बटाट्याच्या पानांवर बीजाणू सोडून रोग निर्माण करून दाखवला, तेव्हा कारण आणि परिणाम यांचा क्रम निश्चित झाला. रॉबर्ट कॉख यांचे अँथ्रॅक्स या जनावरांच्या रोगावरील गाजलेले काम १८७६ चे आहे. सूक्ष्मजीवामुळे रोग होतो, हे सत्य वनस्पतींच्या बाबतीत त्याच्या बरेच आधी सिद्ध झाले होते, याचा उल्लेख सामान्य वाचनात क्वचितच आढळतो. मला ती उणीव खटकते.

अशक्तपणाच्या मुद्द्यात काही तथ्य जरूर आहे. जखमी फळावर वाढणाऱ्या किंवा पाणी साचून गुदमरलेल्या मुळांवर चाल करणाऱ्या काही बुरशी दुर्बळ यजमानच शोधतात. तांबेरा आणि भुरी यांच्या बाबतीत मात्र तो मुद्दा टिकत नाही. रसरशीत, भरपूर नत्र मिळालेल्या कोवळ्या पानांवर भुरी अधिक जोमाने वाढते.

आता आत शिरण्याविषयी. भाताच्या करप्याचा बीजाणू पानावर चिकटतो, रुजतो आणि त्याच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी तयार होते. तिच्या भित्तिकेवर मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचा थर चढतो, आत ग्लिसरॉल साठते आणि ते ग्लिसरॉल बाहेरचे पाणी ओढून घेते. त्यातून आत निर्माण होणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ८० पट असतो. त्या दाबाच्या जोरावर घुमटाच्या तळातून एक बारीक खुंटी निघते आणि पानाची त्वचा भोसकते. ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक नेमकी मेलॅनिनची निर्मिती अडवते. मेलॅनिन नसले की दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच राहते. परंतु बुरशी एकदा आत पोहोचली, की या औषधाला रोखण्यासारखे फारसे काही उरत नाही. डाग मोठे झाल्यावर केलेल्या फवारणीने गुण आला नाही, अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा औषध भेसळीचे असल्याचा संशय घेण्याआधी ते कोणत्या टप्प्यावर काम करते, हे पाहिले पाहिजे.

ओलावा

ऊमायसीट गटाविषयी थोडी भर घालतो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो. बटाटा आणि टोमॅटो यांवरील उशिराचा करपा, द्राक्षावरील केवडा, रोपवाटिकेतील रोपांची कोलमड आणि लिंबूवर्गीय झाडांवरील डिंक्या हे रोग फायटोफ्थोरा, प्लास्मोपारा किंवा पिथियम यांच्यामुळे होतात. हे जीव तंतूंनी वाढतात आणि बीजाणू सोडतात, त्यामुळे दीर्घकाळ त्यांना बुरशीच मानले गेले. प्रत्यक्षात त्यांचे नाते तपकिरी शैवाल आणि डायटम यांच्याशी आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, तर यांच्या भित्तिकेत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज असते.

फवारणीच्या दृष्टीने या फरकाला मोठे मोल आहे. ट्रायअ‍ॅझोल गटातील बुरशीनाशके बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉल या स्टेरॉल प्रकारच्या मेदद्रव्याची निर्मिती रोखतात. फायटोफ्थोरा स्वतः स्टेरॉल तयारच करत नाही, मग त्या औषधाने रोखायचे काय? कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकदेखील ऊमायसीटवर चालत नाही. उलट मेटॅलॅक्झिल हे औषध ऊमायसीटवर अत्यंत प्रभावी आहे, पण तांबेरा किंवा भुरीवर त्याचा उपयोग नाही. ‘बुरशीनाशक’ एवढ्या एका शब्दावर विसंबून औषध निवडणाऱ्याची फसगत इथेच होते.

भुरी आणि केवडा यांतला फरक पानावरच ओळखता येतो. भुरीची पांढरी पूड बहुधा पानाच्या वरच्या बाजूला दिसते आणि बोटाने पुसली जाते. केवड्यात वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट डाग पडतात आणि त्यांच्या बरोबर खाली, पानाच्या मागे, पांढरट लव येते. केवड्याला पानावर पाणी लागते, कारण त्याचे शेपटीधारी बीजाणू त्या पाण्यात पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. भुरीचे बीजाणू पाण्याच्या थेंबाशिवायही रुजतात आणि पानावर साचलेले पाणी त्यांना उलट बाधते. म्हणजे कोरड्या हवेत वाढणारा पांढरा थर आणि सततच्या पावसानंतर पानामागे दिसणारी लव यांना एकच औषध देणे चुकीचे आहे.

शेवाळ

जिवाणूजन्य रोगांकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून लिहित आहे. वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होऊच शकत नाहीत, असे ठासून सांगणारे शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होते. थॉमस बरिल यांनी त्याआधीच नासपतीच्या फांद्या जळाल्यासारख्या काळ्या पडण्याचा संबंध जिवाणूशी जोडला होता, तरीही अमेरिकेतील एर्विन स्मिथ यांना या मुद्द्यावर जर्मन अभ्यासक आल्फ्रेड फिशर यांच्याशी प्रदीर्घ लेखी वाद घालावा लागला.

जिवाणूकडे दाब निर्माण करणारा घुमट नाही. तो जखमेतून, पर्णरंध्रातून किंवा पानाच्या कडेच्या जलरंध्रातून आत जातो. वनस्पती मात्र इतकी असहाय नसते. जिवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन या प्रथिनाचा एक छोटा तुकडा ती ओळखते आणि पर्णरंध्रे मिटून घेते. स्युडोमोनास सिरिंगी या जिवाणूचे काही प्रकार त्यावर कोरोनॅटिन नावाचे द्रव्य सोडतात. ते वनस्पतीच्या स्वतःच्याच एका संप्रेरकाची नक्कल करते आणि मिटलेली रंध्रे पुन्हा उघडायला लावते. झँथोमोनास तर आणखी पुढे जातो. सुईसारख्या यंत्रणेतून तो आपली प्रथिने पेशीत सोडतो. त्यांतील काही थेट पेशीकेंद्रात जाऊन भाताची साखर बाहेर सोडणारी जनुके चालू करतात, आणि यजमान आपल्याच हाताने परजीवीला जेवू घालतो. भाताच्या काही प्रतिकारक वाणांत जनुकांवरील नेमकी तीच जागा बदललेली आढळते, जिथे ही प्रथिने येऊन बसतात.

पानावरील जिवाणूजन्य डाग सुरुवातीला पाणी झिरपल्यासारखे दिसतात आणि शिरांनी अडवले गेल्यामुळे कोनाकृती होतात. पान उजेडासमोर धरले की हे स्पष्ट दिसते.

कोंभ

टोमॅटोचे हिरवेगार झाड पाणी असूनही एकाएकी मान टाकते, तेव्हा ते जिवाणूमुळे झाले की बुरशीमुळे, हे प्रयोगशाळेशिवाय कळू शकते का?

शेवाळ

बऱ्याच अंशी कळू शकते. मान टाकलेल्या झाडाच्या बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापावा आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात त्याचे कापलेले टोक बुडेल असा स्थिर धरावा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धाग्यासारखा स्राव खाली उतरू लागला, तर ती रालस्टोनिया या जिवाणूमुळे झालेली मर समजावी. जलवाहिन्यांत कोट्यवधी जिवाणू आणि त्यांनी तयार केलेला चिकट पदार्थ साचलेला असतो, तोच बाहेर येतो. फ्युजेरियम या बुरशीमुळे होणाऱ्या मर रोगात असा स्राव येत नाही. त्यात खालची पाने बहुधा आधी पिवळी पडतात, कधी झाडाच्या एकाच बाजूची, आणि खोड उभे चिरले तर आतील वाहिन्या तपकिरी दिसतात. रालस्टोनियातही वाहिन्या तपकिरी होतात, त्यामुळे केवळ रंगावर निर्णय देऊ नये.

दोन्ही रोगकारक जमिनीत राहतात आणि लागण झालेले झाड वाचत नाही. पण पुढचा विचार वेगळा करावा लागतो. रालस्टोनिया पाण्याबरोबर आणि कापणीच्या हत्यारांवरून पसरतो आणि वांगी, मिरची, बटाटा यांच्यासह कितीतरी पिकांना धरतो. फ्युजेरियमचे प्रकार मात्र यजमानाबाबत बरेच काटेकोर असतात. टोमॅटोला मारणारा प्रकार केळीला मारत नाही, म्हणून तिथे पीकबदलाला आणि प्रतिकारक वाणाला अधिक अर्थ आहे. तरीही त्याचे जाड भित्तिकेचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात, हे विसरू नये.

मातीमाय

विषाणूंचा उल्लेख अजून कोणी सविस्तर केलेला नाही. पाने आक्रसणे, त्यांवर हिरव्या-पिवळ्या रंगांची नक्षी उमटणे, झाड खुजे राहणे या तक्रारी सर्वत्र असतात आणि त्यांवर नाना प्रकारच्या फवारण्या सुचवल्या जातात. त्यांतली एखादी तरी विषाणूला मारते का?

ओलावा

स्पष्ट सांगायचे तर उभ्या पिकातील विषाणू मारणारी फवारणी उपलब्ध नाही. विषाणू पेशीच्या आत, पेशीचीच यंत्रणा वापरून वाढतो. तंबाखूच्या मोझॅक रोगाचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळल्यावरही रोग लावतो, हे दिमित्री इव्हानोव्स्की यांनी १८९२ मध्ये दाखवले. १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी हा जिवाणूपेक्षा वेगळ्या जातीचा संसर्ग असल्याचे ठामपणे मांडले. विषाणू या संकल्पनेचा पायाच एका वनस्पतिरोगाने घातला. पुढे १९७१ मध्ये थिओडोर डायनर यांनी बटाट्याच्या एका रोगातून व्हायरॉइड शोधला. व्हायरॉइड म्हणजे प्रथिनाचे आवरण नसलेला आरएनएचा एक लहानसा बंद वेढा. बटाट्यावरील व्हायरॉइडमध्ये सुमारे ३५९ न्यूक्लिओटाइड असतात आणि तो एकाही प्रथिनाची माहिती वाहत नाही, तरी झाड आजारी पाडतो.

विषाणूवर उपाय करायचा तो त्याच्या वाहकावर आणि लागवडीच्या साहित्यावर. इथेही वाहकांत भेद आहे. पांढरी माशी काही विषाणू दीर्घकाळ आपल्या शरीरात वागवते, त्यामुळे तिची संख्या आटोक्यात ठेवल्याचा लाभ होतो. मावा मात्र कित्येक विषाणू सोंडेच्या टोकावरून काही सेकंदांच्या चाचपणीतच पसरवतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. तंबाखू मोझॅकच्या गटातील विषाणूंना तर कीटकाचीही गरज नाही, ते हातांवरून, अवजारांवरून आणि बियाण्यावरून जातात. निरोगी रोपे मिळवण्याचा खात्रीचा मार्ग १९५२ मध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियाच्या झाडांवर दाखवला. शेंड्याच्या अगदी टोकाच्या वाढणाऱ्या भागात विषाणू सहसा पोहोचत नाही, त्यामुळे तेवढा कण घेऊन त्यापासून रोप वाढवले तर ते विषाणूमुक्त मिळू शकते. ऊतिसंवर्धनाच्या रोपांचे खरे मोल इथे आहे.

रानवाट

ओलावा यांच्या प्रतिसादाला जोडून एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते या धाग्याच्या मूळ मुद्द्याचे सर्वांत ठोस प्रमाण आहे. फुलांच्या जागी हिरवी पाने येणे, फांद्यांचे झुपके होणे, झाड पिवळे पडून खुजे राहणे अशा लक्षणांचे पुष्कळ रोग दशकानुदशके विषाणूजन्य समजले जात होते. तुडतुड्यांमार्फत ते पसरत आणि गाळणीत काही सापडत नसे, म्हणून तसा निष्कर्ष काढला गेला होता. १९६७ मध्ये जपानी संशोधकांना अशा झाडांच्या अन्नवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्म जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. विषाणूवर काहीही परिणाम न करणाऱ्या टेट्रासायक्लिनने या झाडांची लक्षणे ओसरतात, हेही त्याच वर्षी नोंदवले गेले. पेनिसिलिन इथे चालत नाही, कारण ते भित्तिकेच्या निर्मितीवर घाव घालते आणि फायटोप्लाझ्माला भित्तिकाच नाही. त्याच झाडावर, त्याच लक्षणांवर काय चालेल आणि काय चालणार नाही, हे रोगकारकाची ओळख बदलताच बदलले.

मातीमाय

हे सर्व वाचून मला असे वाटते, की प्रतिकारक वाण लावणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग आहे. मग फवारणीची चर्चा मुळातच का करावी?

ओलावा

प्रतिकारक वाण अत्यंत मोलाचे आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांना एकमेव मार्ग म्हणणे धोक्याचे आहे. हॅरोल्ड फ्लोर यांनी १९४०च्या दशकात अळशीच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले, की यजमानाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जुळणारे एक जनुक परजीवीत असते. परजीवीतील तेवढे एक जनुक बदलले किंवा गळाले, की यजमानाला शत्रू ओळखता येत नाही आणि तो प्रतिकार एका हंगामातही कोसळू शकतो. गव्हातील एसआर३१ हे खोडावरील तांबेऱ्याविरुद्धचे जनुक कित्येक वर्षे जगभर टिकले. युगांडात सापडलेल्या आणि १९९९ च्या नोंदीवरून यूजी९९ असे नाव मिळालेल्या प्रकाराने ते निकामी केले.

१९७० मध्ये अमेरिकेत मक्याचे सुमारे १५ टक्के पीक पानांवरील करप्याने गेले. त्या वेळी तिथल्या संकरित मक्यापैकी बहुतांश मक्यात नरवंध्यत्वासाठी (तुऱ्यात परागकण तयार होऊ नयेत म्हणून) वापरलेला एकच पेशीद्रव प्रकार होता आणि बुरशीच्या एका नव्या प्रकाराचे विष नेमके त्याच पेशीद्रवातील मायटोकॉन्ड्रियावर काम करत होते. मैलोन्‌मैल एकाच घडणीची झाडे उभी असली, की परजीवीला एकच कुलूप उघडावे लागते.

औषधांचेही तसेच आहे. मेटॅलॅक्झिल १९७७ मध्ये बाजारात आले आणि १९८० मध्येच त्याला न जुमानणारा फायटोफ्थोरा आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये आढळला. एकाच जागी घाव घालणारे औषध एकटे आणि वारंवार वापरले की हेच घडते. याउलट मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये मिलार्दे यांनी द्राक्षाच्या केवड्यासाठी मांडले आणि ते आजही चालते, कारण तांबे परजीवीच्या अनेक विकरांवर एकाच वेळी आघात करते. तांबे पानाच्या आत शिरत नाही, म्हणून ते बीजाणू रुजण्याआधी पानावर असावे लागते. शिवाय ते जमिनीत साठत जाते, याचे भान ठेवून मात्रा ठरवली पाहिजे.

मातीमाय

आपला मुद्दा पटला. तरी एक सुचवते. वेगवेगळ्या जनुकांचे वाण एकत्र मिसळून लावले तर? आणि ट्रायकोडर्मासारख्या उपकारक बुरशींचे स्थान या चर्चेत कुठे आहे?

रानवाट

वाणांचे मिश्रण हा चांगला मार्ग आहे, विशेषतः वाऱ्याने पसरणाऱ्या रोगांसाठी. चीनच्या युन्नान प्रांतात करप्याला बळी पडणारा भात आणि प्रतिकारक भात आळीपाळीच्या ओळींत लावण्याचा मोठा प्रयोग झाला आणि बळी पडणाऱ्या वाणावरील करपा त्यामुळे खूपच घटला. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले आहेत.

ट्रायकोडर्मा ही दुसऱ्या बुरशींवर जगणारी बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालते, त्यांच्या भित्तिका विरघळवते आणि मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच व्यापते. म्हणून ती बीजप्रक्रियेत किंवा लागवडीच्या वेळी, ओलावा आणि सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत द्यावी. मूळकूज आणि कोलमड यांविरुद्ध तिचा उपयोग होतो. पानांवरील तांबेऱ्यासाठी किंवा विषाणूसाठी तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. तसेच ती दिल्यावर लगेच त्याच जागी कार्बेन्डाझिम ओतले तर तीही मरते.

कोंभ यांनी व्यक्तिगत संदेशात विचारले आहे, की पान हातात घेतल्यावर सुरुवात कुठून करावी. आधी पूर्ण क्षेत्राकडे पाहावे. सर्व झाडांवर एकाच वेळी, एकाच वयाच्या पानांवर आणि दोन्ही बाजूंना सारखीच लक्षणे असतील, तर बहुधा अन्नद्रव्यांची कमतरता किंवा तणनाशकाचा उडालेला अंश असतो, सूक्ष्मजीव नसतो. रोग सहसा एखाद्या कोपऱ्यातून किंवा ठिपक्याठिपक्यांनी सुरू होतो आणि पसरत जातो. नंतर पानाची मागची बाजू, डागाची कड, खोडाचा छेद आणि मुळे पाहावीत. नमुना घ्यायचा तो नव्या डागाच्या कडेचा, जिथे निरोगी आणि रोगट भाग एकमेकांना भिडतात. पूर्ण कुजलेल्या भागात मागाहून आलेल्या मृतोपजीवी बुरशींची इतकी गर्दी असते, की खरा अपराधी सापडत नाही. तपासणीसाठी पाठवायचे असेल तर नमुना कागदात गुंडाळावा, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, आणि सोबत पिकाचा वाण, लक्षणे कधी दिसली, त्याआधीचा पाऊस व आतापर्यंतच्या सर्व फवारण्या लिहून द्याव्यात.